कोपऱ्यातला माणूस

दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमध्ये दोन फेऱ्यांच्या मधे मुष्टियोद्ध्याला बसायला स्टूल नसायचं. उघड्या माळावर खुंट रोवून दोर ताणलेले असायचे, भोवती हजारोंची गर्दी. दोराच्या एका कोपऱ्यात त्याचा माणूस एक गुडघा जमिनीला टेकून आणि दुसऱ्या पायाची बैठक करून थांबलेला असायचा. घामाने-रक्ताने निथळणारा योद्धा यायचा आणि त्या मांडीवर बसायचा. शेजारी आणखी एक जण पाण्याची बाटली आणि स्पंज घेऊन तयार. बसायला मांडी देणारा तो नी-मॅन आणि बाटलीवाला तो बॉटल-होल्डर. कोपऱ्यातल्या अशा माणसांना सेकंड म्हणत.

‘आय ॲम इन युअर कॉर्नर’ हे वाक्य आता आपल्याकडेही सर्रास ऐकू येतं. ऑफिसातल्या मेलमध्ये येतं, व्हॉट्सॲपवर येतं, परदेशी शिकायला गेलेल्या मुलांच्या बोलण्यात येतं. मी तुझ्या बाजूचा आहे, तुझ्यावर कोणी चालून आलं तर मी आहे, एवढा त्याचा अर्थ. अमेरिकेत विसाव्या शतकात ते बॉक्सिंगच्या रिंगणातून रोजच्या बोलण्यात आलं. रिंगण चौकोनी असतं, त्याला चार कोपरे. दोन कोपरे लढणाऱ्यांचे, उरलेले दोन कोणाचेच नाहीत. आपल्या कोपऱ्यात आपली माणसं असतात. मला हे वाक्य फार मोलाचं वाटतं. म्हणूनच ते हल्ली इतक्या सहज उच्चारलं जातं याचं वाईट वाटतं. ज्या कोपऱ्यातून ते आलं, तिथे नुसतं ‘मी आहे’ म्हणून भागत नसे.

बॉक्सिंगचे पहिले लिखित नियम लंडनच्या जॅक ब्रॉटनने 1743 मध्ये केले. त्याच्याशी लढताना जॉर्ज स्टीव्हन्सन जबर जखमी झाला आणि पुढे दगावला, त्या घटनेचा त्याच्या मनावर परिणाम झाला होता असं सांगतात. मंचाच्या मध्यभागी खडूने एक यार्डाचा चौकोन आखायचा. कोणी खाली पडला की फेरी संपली. मग अर्ध्या मिनिटाच्या आत सेकंडने आपल्या माणसाला त्या चौकोनाच्या कडेला आणून उभं करायचं, नाही तर तो हरला. या नियमातली जबाबदारी कोणावर टाकली आहे बघा. उठायचं लढणाऱ्याने, पण त्याला आणायचं सेकंडने. पावणेतीन शतकांपूर्वी कागदावर आलेल्या या ओळीत कोपऱ्यातल्या माणसाची सगळी ताकद आहे आणि सगळा धोकाही.

तो धोका 30 मे 1833 रोजी लोकांनी डोळ्यांनी पाहिला. हर्टफर्डशरमधल्या नो मॅन्स लँड नावाच्या माळावर आयर्लंडचा सायमन बर्न आणि लंडनचा, कानाने बहिरा असलेला जेम्स बर्क एकमेकांसमोर उभे राहिले. झुंज तीन तास सहा मिनिटं चालली. फेऱ्या झाल्या 99. शेवटी शेवटी बर्नला स्वतःच्या पायांवर उभं राहवत नव्हतं. त्याचे सेकंड त्याला उचलून, धरून मधल्या रेघेपर्यंत आणत होते आणि सोडून देत होते. तीन दिवसांनी बर्न वारला. त्याआधी 1830 मध्ये याच बर्नच्या हातून अलेक्झांडर मॅके नावाचा योद्धा असाच गेला होता. बर्नला आणणाऱ्यांना त्याच्याबद्दल प्रेम नव्हतं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या पैजा लागल्या असतील, इभ्रत पणाला लागली असेल, आणि आपला माणूस हार मानणारा नाही हा अभिमानही असेल. पण ते त्याच्याच कोपऱ्यात होते आणि त्यांनीच त्याला मरणाकडे नेलं. 1838 च्या नव्या नियमांत लढणाऱ्याने रेघेपर्यंत स्वतःच्या पायांनी, कोणाच्या आधाराशिवाय चालत यायचं असं घालण्यात आलं. मदत कुठे थांबली पाहिजे, हे नियमात लिहावं लागलं.

रिंगणाबाहेरच्या भाषेत ही माणसं तेव्हापासूनच शिरू लागली होती. 1851 मध्ये हंगेरीचा लायोश कोशुत इंग्लंडला आला. ऑस्ट्रियाविरुद्धचा स्वातंत्र्यलढा हरून परागंदा झालेला हा पुढारी लंडनच्या लोकांचा लाडका झाला. परराष्ट्रमंत्री पामर्स्टन यांना भेटायला नागरिकांचं एक शिष्टमंडळ गेलं, तेव्हा त्यांनी आपली भूमिका सांगताना समजूतदार बॉटल-होल्डरची उपमा वापरली. ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाने लगेच त्यांचं तसं व्यंगचित्र काढलं. आपण रिंगणात उतरणार नाही, पण कोणाची बाटली आपल्या हातात आहे ते सगळ्यांना दिसू दे, असा त्याचा अर्थ. हंगेरीला त्याचा किती उपयोग झाला हा निराळा प्रश्न.

पुढे 1867 मध्ये क्वीन्सबरीचे नियम आले. फेरी तीन मिनिटांची, मधे एक मिनिट विश्रांती, आणि फेरी चालू असताना सेकंडने रिंगणात पाऊल ठेवायचं नाही. आजही हाच साचा आहे. मला त्या एका मिनिटाविषयी सविस्तर लिहायचंय, कारण या वाक्प्रचाराचा सगळा जीव त्यात आहे.

घंटा होते. योद्धा कोपऱ्याकडे वळतो तोवर स्टूल आत आलेलं असतं. एक जण तोंडातलं माउथगार्ड काढून पाण्याने धुतो. त्याला चूळ भरायला दोन घोट पाणी देतात, जास्त नाही. भुवईवर जखम असेल तर कट-मॅन ॲड्रेनलिनमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा त्या जखमेत दाबून धरतो, वर व्हॅसलीन थापतो. डोळ्याखाली सूज आली असेल तर बर्फात गार केलेला धातूचा चपटा तुकडा दाबतात. मान-खांद्यावरून गार टॉवेल फिरतो. या सगळ्यात मुख्य सेकंड समोर उकिडवा बसलेला असतो, त्याची नजर योद्ध्याच्या डोळ्यांत. त्याला एखाद-दोन वाक्यंच बोलता येतात. उजवा हात खाली पडतोय. तो डावीकडे सरकला की मार. यापेक्षा जास्त त्या थकलेल्या डोक्यात शिरत नाही. बोलता बोलता तो हेही तपासत असतो, की हा माझं ऐकतोय का, आपण कुठे आहोत हे याला कळतंय का. मग हाक येते, ‘सेकंड्स आउट’. स्टूल उचलायचं आणि दोरांबाहेर व्हायचं. पुढची तीन मिनिटं त्याच्या हातात काही नाही.

या कामातला अँजेलो डंडी मला फार मोठा माणूस वाटतो. 25 फेब्रुवारी 1964, मियामी. बावीस वर्षांचा कॅशियस क्ले, पुढे ज्याला आपण मोहम्मद अली म्हणून ओळखलं, तो सनी लिस्टनसमोर उभा होता. चौथ्या फेरीनंतर क्ले कोपऱ्यात आला तो ओरडतच, डोळे पेटलेत, दिसत नाही, हातमोजे काप. बहुधा लिस्टनच्या जखमांवर लावलेलं औषध त्याच्या डोळ्यांत गेलं होतं. डंडीने आधी काय केलं? क्लेच्या डोळ्यात बोट फिरवून ते स्वतःच्या डोळ्याला लावलं. आग झाली. म्हणजे मुलगा घाबरून बहाणा करत नाही. मग त्याने स्पंजने डोळे धुतले, स्पंज फेकून दिला, आणि क्लेला ढकलून उभं केलं. त्याला सांगितलं ते इतकंच की पळत राहा, नीट दिसेपर्यंत लांब राहा. दोन फेऱ्यांनी लिस्टन स्टुलावरून उठलाच नाही आणि क्ले जगज्जेता झाला. दुसऱ्याच्या डोळ्यातली आग आधी आपल्या डोळ्यात घेऊन बघायची, आणि मग ठरवायचं. पाठीशी उभं राहण्याची याहून चांगली रीत मला माहीत नाही.

हाच डंडी 2 ऑक्टोबर 1980 रोजी लास व्हेगासमध्ये अलीच्या कोपऱ्यात होता. अली आता अडतीस वर्षांचा, समोर लॅरी होम्स, जो पूर्वी अलीच्याच सरावात त्याचे ठोसे झेलायचा. दहा फेऱ्या अली नुसता मार खात होता. दहावी संपली तेव्हा डंडीने पंचांना सांगितलं, बस झालं. अलीच्याच गोटातला बंडिनी ब्राउन त्याच्या अंगावर आला, आणखी एक फेरी होऊ दे म्हणाला. डंडीने त्याला झिडकारलं. मुख्य सेकंड मी आहे, मी थांबवतोय. सोळा वर्षांपूर्वी ज्याला थांबू दिलं नाही त्यालाच आता पुढे जाऊ दिलं नाही, आणि दोन्ही वेळा डंडी बरोबर होता.

थांबवण्याची खूण आधी स्पंजची होती. कोपऱ्यातून स्पंज हवेत फेकला की हार मान्य. पुढे टॉवेल आला, आणि इंग्रजीत टॉवेल फेकणं म्हणजे माघार घेणं, असं रूढ झालं. त्यात थोडी नामुष्की चिकटली. ती मला पटत नाही, कारण टॉवेल लढणारा फेकतच नाही. तो फेकतो त्याचा माणूस, बहुतेकदा त्याच्या मनाविरुद्ध, त्याच्यासाठी. 22 जून 1938 रोजी जो लुईसने मॅक्स श्मेलिंगला पहिल्याच फेरीत लोळवलं तेव्हा श्मेलिंगच्या सेकंडने टॉवेल फेकला होता. न्यूयॉर्कच्या नियमांत ती खूण चालत नव्हती, म्हणून पंच आर्थर डोनोवन यांनी तो उचलून बाजूला भिरकावला. झुंज काही क्षणांत तशीही थांबली.

पण थांबवण्याचं सगळ्यात मोठं उदाहरण जो फ्रेझरचे प्रशिक्षक एडी फच यांचं. 1 ऑक्टोबर 1975 ची सकाळ, फिलिपिन्समधल्या केसॉन सिटीचं अरानेता कोलिझियम, प्रचंड उकाडा, अली आणि जो फ्रेझर यांची तिसरी झुंज. अलीवर बंदी होती त्या काळात त्याला लढण्याचा परवाना परत मिळावा म्हणून खटपट करणाऱ्यांत फ्रेझर होता. त्याच अलीने पुढे त्याला जाहीरपणे गोरिला म्हणून हिणवलं. ती जखम फ्रेझर घेऊन आला होता. चौदा फेऱ्या दोघांनी एकमेकांना जे मारलं ते आजही बघवत नाही. फ्रेझरचा डावा डोळा आधीपासून अधू होता, हे त्याने पुढे आत्मचरित्रात सांगितलं. उजवा अलीच्या ठोशांनी सुजून बंद होत आला होता. येणारा ठोसा त्याला दिसत नव्हता.

शेवटची, पंधरावी फेरी उरली होती. फच यांनी थांबवायचं ठरवलं. फ्रेझर उठू लागला, मला तो हवाय म्हणाला. फच यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बसवलं आणि म्हणाले, बस पोरा, संपलं. आज तू इथे जे केलंस ते कोणी कधी विसरणार नाही.

समोरच्या कोपऱ्यात अलीची अवस्था इतकी वाईट होती की तो पंधराव्या फेरीला उठला असता का, यावर लोक अजून वाद घालतात. ती तीन मिनिटं मिळाली असती तर कदाचित फ्रेझर जिंकला असता. फच यांना दुसऱ्या बाजूचं काही ठाऊक नव्हतं, आणि मला वाटतं ठाऊक असतं तरी त्यांनी हेच केलं असतं. रिंगणात माणसं मरताना त्यांनी पाहिली होती. फ्रेझरला पोरं-बाळं आहेत, हे त्यांना दिसत होतं. तिथल्या हजारो प्रेक्षकांपैकी फ्रेझरचं त्या फेरीनंतरचं आयुष्य धरून विचार करणारा तो एकटा माणूस होता.

त्यांचाच एक शिष्य फ्रेडी रोच. 1986 च्या सुमारास फच यांनी त्याला खेळ सोडायला सांगितलं. त्याचा मेंदू मार सोसू शकणार नाही हे त्यांना दिसलं होतं. रोचने ऐकलं नाही. आणखी काही लढती तो त्यांच्याशिवाय लढला, बहुतेक हरला. पुढे त्याला पार्किन्सन्स झाला. पण खेळणं थांबल्यावर तो परत फच यांच्याकडेच गेला, बिनपगारी मदतनीस म्हणून वर्षानुवर्षं त्यांच्या हाताखाली राबला आणि कोपऱ्यातलं काम शिकला. नंतर फिलिपिन्सच्या मॅनी पॅकियावच्या कोपऱ्यात वर्षानुवर्षं उभा राहिला तो हाच रोच.

हे सगळं वाचताना मला माझे वडील दिसतात. त्यांनी आयुष्यात बॉक्सिंग पाहिलं नाही. ते तालुक्याच्या गावी एका सरकारी कचेरीत कारकून होते, आणि विभागीय चौकशीत सापडलेल्या लोकांचे बचाव सहायक म्हणून बसायचे. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, 1979 प्रमाणे दोषारोपपत्र मिळालेल्या कर्मचाऱ्याला आपल्या बाजूने दुसऱ्या सरकारी कर्मचाऱ्याची मदत घेता येते. वकील सहसा मिळत नाही. म्हणून नाना. सगळी कचेरी त्यांना नाना म्हणायची.

संध्याकाळी आमच्या ओसरीवर एखादा शिपाई किंवा तलाठी येऊन बसलेला असायचा. चेहरा उतरलेला, पिशवीत कागद. आई चहा ठेवायची. नाना आधी त्याला बोलू द्यायचे. मग एकेक कागद मागायचे. कुठली नोटीस कधी मिळाली, पोच कोणाची आहे, हजेरीपटाची नक्कल मागितलीस का, दिली नाही तर तसं लेखी घेतलंस का. रात्री जेवणानंतर ते नियमांचं पुस्तक आणि पेन्सिल घेऊन बसत. चौकशीच्या दिवशी सादरकर्ता अधिकारी साक्षीदार उभे करायचा, आणि नाना उलटतपासणीला उठायच्या आधी आपल्या माणसाकडे वळून हळूच म्हणायचे, “आता तुम्ही काही बोलू नका. मी आहे.” त्यांच्या तोंडचे हे दोन शब्द मी किती तरी वेळा ऐकले. त्यामागे आदल्या रात्रीची पेन्सिल असायची.

एकदा एक गृहस्थ आले. पावतीपुस्तकात गडबड होती आणि पैसे त्यांनीच घेतले होते. ते नानांना खोटा साक्षीदार उभा करायला सांगत होते. नाना म्हणाले, “भाऊसाहेब, हे नाकारलंत तर नोकरी जाईल. कबूल करा, रक्कम आजच भरा, घरची अडचण लिहून द्या. मी शिक्षा कमी व्हावी म्हणून भांडतो.” ते गृहस्थ संतापले. तुम्ही माझे की त्यांचे, असं ओसरीवरच ओरडले. नाना तुमचाच म्हणाले. शेवटी त्यांनी कबुली दिली, वेतनवाढी रोखल्या गेल्या, नोकरी राहिली. ते पुढे बराच काळ नानांशी बोलत नव्हते. त्याचं नानांना वाईट वाटलं, पण हा सल्ला चुकला असं ते कधी म्हणाले नाहीत. मी तेव्हा शाळेत होतो आणि मला त्या माणसाचा फार राग आला होता. आता येत नाही. स्टुलावर खांदा धरून बसवलेल्या माणसाला त्या क्षणी राग येणारच.

आणि कोपऱ्यात कोणी नसलं तर काय होतं, याची आपल्या मातीतली गोष्ट हेलसिंकीची आहे.

1952 चं ऑलिम्पिक. कराड तालुक्यातल्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव बँटमवेट गटात कुस्ती खेळत होते. हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे जमवताना त्यांची दमछाक झाली होती. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. गावाने लोकवर्गणी केली. तिथे मॅटवर खाशाबांची गाठ जपानच्या शोहाची इशीशी पडली. ती कुस्ती पंधरा मिनिटांहून जास्त चालली आणि खाशाबा एका गुणाने हरले. लगेच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेयोव्हशी लढायला बोलावण्यात आलं. नियमाप्रमाणे दोन कुस्त्यांमध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती. ती मागायला, नियम दाखवायला, पंचांच्या टेबलापर्यंत चालत जायला तिथे एकही भारतीय अधिकारी नव्हता. दमलेले खाशाबा तसेच उतरले आणि हरले. इशीला सुवर्ण मिळालं, मामेदबेयोव्हला रौप्य, खाशाबांना कांस्य. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्यानंतरचं यायला 1996 उजाडलं.

ती अर्ध्या तासाची विश्रांती मिळाली असती तर निकाल बदलला असता का, कोणालाच सांगता येणार नाही. पण ती मागण्यासाठी काही फार मोठा माणूस लागत नव्हता. नियम वाचलेला, जागेवर हजर असलेला आणि दोन वाक्यं ठामपणे बोलणारा एखादा नाना पुरला असता. देशाने पहिलवान पाठवला आणि त्याच्या बाजूने बोलणारा माणूस पाठवला नाही, याचा मला आजही राग येतो.

त्या दोन कुस्त्यांच्या मधल्या वेळात खाशाबांच्या बाजूला कोणी नव्हतं, पण कोल्हापुरात मात्र एका प्राचार्याचं घर त्यांच्यासाठी गहाण पडलेलं होतं. कांस्यपदक घेऊन परतल्यावर कराड स्टेशनापासून गोळेश्वरपर्यंत 151 बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, तिच्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. त्यानंतर खाशाबांनी काय केलं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्यांनी कुस्त्यांची मैदानं भरवली, त्यांत स्वतः लढले, आणि जमलेल्या पैशांतून खर्डेकरांचं कर्ज फेडलं.